जुनी घड्याळं म्हणजे एफडी नव्हे

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या घड्याळांवर अर्धं पान आलं होतं, सोनं शेअर सगळं विसरा आणि विंटेज घड्याळं घ्या अशा थाटाचं, ते वाचून त्याच संध्याकाळी मला तिघांचे फोन आले की एचएमटी घेऊन ठेवू का म्हणून. त्यातले एक तर माझ्यासारखेच रिटायर, ग्रॅच्युइटीचे पैसे आलेत, बँकेत व्याज कमी मिळतंय, आणि आता म्हणतात एकदम वीस पायलट (एचएमटीचं एक मॉडेल) घेऊन कपाटात टाकतो, दहा वर्षांनी नातवाच्या इंजिनिअरिंगला होतील. म्हणून हे पत्र. एरवी मी पेपरला पत्र लिहिणाऱ्यातला नाही, पण घड्याळांचं वेड मला सतरा-अठरा वर्षं आहे, घरात आज ३४ घड्याळं आहेत, त्यातली चालू किती ते बायकोसमोर विचारू नका, आणि या नादात मी पैसे कमी आणि अक्कल जास्त कमावलीय त्यामुळे थोडं बोलायचा हक्क आहे असं वाटतं.

आधी साधा हिशेब सांगतो, कारण लेखात नेमका तोच नव्हता. २००८ साली मी एचएमटी पायलट घेतलं ७०० रुपयाला. काळी डायल, चावीचं, १७ ज्वेल म्हणजे आतली चाकं झिजू नयेत म्हणून बसवलेले १७ खडे. तेव्हा सोनं तोळ्याला साडेबारा हजाराच्या आसपास होतं म्हणजे त्या ७०० रुपयात अर्ध्या ग्रॅमच्या जरा वर सोनं आलं असतं. २०२५ मध्ये सोन्यानं लाखाचा आकडा ओलांडला, म्हणजे त्या कणभर सोन्याचे साडेपाच हजार झाले असते. आणि माझ्या पायलटला आलेली सगळ्यात चांगली ऑफर ३५०० ची, ती पण माणूस समोर बसून दोन चहा पिऊन गेला आणि परत आलाच नाही. बरं, मधल्या काळात सोन्याला तेलपाणी करावं लागलं नसतं. या पायलटची सर्व्हिस चार वेळा झाली, पहिल्यांदा २५०, मग ३००, मग ६००, शेवटची ८००, काच एकदा बदलली आणि पट्टे किती ते मोजलेच नाहीत. लेखात "सातशेचं पस्तीसशे, पाचपट" असं छापता येईल हो, खोटं काहीच नाही त्यात.

आता लोक लगेच रोलेक्सचं उदाहरण देतात. हॉलिवूडवाल्या पॉल न्यूमनची रोलेक्स डेटोना २०१७ ला न्यूयॉर्कच्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेली, आपल्या पैशात तेव्हाचे ११५ कोटी, बरोबर आहे. पण ती का गेली ते बघा ना. ते घड्याळ एका मोठ्या नटाचं, त्याच्या बायकोनं, ती पण मोठी नटी, त्याला दिलेलं, मागं "गाडी जपून चालव, मी" अशा अर्थाचं कोरून, का तर हा शर्यतीत गाड्या चालवायचा. पुढं त्यानं ते १९८४ साली मुलीच्या मित्राला असंच देऊन टाकलं. आणि त्या डायलची घड्याळं नवी होती तेव्हा लोकांना आवडलीच नव्हती, दुकानात पडून राहायची, म्हणून कमी बनली आणि म्हणून आज दुर्मिळ. म्हणजे एखाद्याला गुंतवणूकच करायची होती तर त्यानं १९७० च्या आसपास दुकानात जाऊन सगळ्यात न खपणारं घड्याळ मागायला पाहिजे होतं. कोण मागतं असं?

आणि आपलं एचएमटी नेमकं याच्या उलट. १९६१ ला बंगलोरला जपानच्या सिटिझनच्या मदतीनं कारखाना सुरू झाला, नेहरूंच्या काळात, मग श्रीनगर, तुमकूर, राणीबाग, आणि पुढची पंचवीस वर्षं देशात मनगट म्हणजे एचएमटी. दहावी पास झालं की एचएमटी, नोकरी लागली की एचएमटी, रिटायर झालं की परत एचएमटी, स्टाफनं वर्गणी काढून. आमच्या ताईच्या लग्नात पाव्हण्यांनी सायकलवर भागवून घेतलं पण एचएमटीच्या कांचनवर अडून बसले, ऑटोमॅटिकच पाहिजे, चावी न देता चालणारं, आणि ते तर मिळत नव्हतं, वडिलांनी कोल्हापूर सांगली पुणे सगळीकडं ओळखी काढल्या तेव्हा हळदीच्या आदल्या दिवशी घड्याळ घरात आलं. (दाजींनी ते चार वर्षांत कॅनॉलमध्ये पाडलं, तो विषय आमच्यात अजून निघतो.) सांगायचा मुद्दा, ही घड्याळं कोट्यवधी बनली. घराघरात आहेत. आजीच्या ट्रंकेत, शोकेसच्या खालच्या कप्प्यात, बटणांच्या डब्यात. मग महाग का झाली, तर २०१४ ला कंपनी बंद होणार अशी बातमी आली आणि माझ्यासारखे सगळे एकदम हळवे झाले. ऑनलाइन तुटून पडले लोक, मी पण पडलो, खोटं कशाला बोलू, दोन जनता आणि एक सोना (दोन्ही एचएमटीचीच मॉडेलं) घेतलं त्या आठवड्यात. २०१६ च्या जानेवारीत सरकारनं बंद करायला रीतसर मंजुरी दिली आणि परत एक उसळी आली. म्हणजे वाढलेला भाव हा आमच्या आठवणींचा आहे हो, आणि आमची वयं बघा. साठ, पासष्ट, सत्तर. आम्ही गेल्यावर ज्याच्या लग्नात कांचन नव्हतं, ज्याच्या बापाच्या हातावर जनता नव्हतं, तो त्याचे चार हजार का देईल? माझ्या भाच्याला मी जनता दाखवलं, चांगलं देवनागरी आकड्यांचं, तर म्हणाला मामा याला चार्जिंग कुठनं करायचं. चेष्टेत म्हणाला असेल.

हे असं होऊन गेलेलं पण आहे, म्हणजे मी काही भविष्य सांगत नाही. माझे आजोबा बार्शी लाइट रेल्वेत गार्ड होते, ती छोटी गाडी तेव्हा मिरजेपर्यंत यायची. त्यांचं साखळीचं घड्याळ आहे माझ्याकडं, डायलवर वेस्ट एंड वॉच कंपनी, मुंबई कलकत्ता दोन्हीकडं त्यांचा धंदा होता, माल सगळा स्वित्झर्लंडचा. अजून चालतं. आजोबांच्या काळात ते घड्याळ खिशात असणं म्हणजे काय रुबाब, लोक वाटेत थांबवून वेळ विचारायचे. मनगटी घड्याळ आलं, साखळीवाली म्हातारी झाली, मग तिच्या आठवणीवाले लोक सुद्धा गेले, आणि आज असल्या साध्या खिशातल्या घड्याळाला फार कुणी विचारत नाही. चांदीची किंवा सोन्याची केस, म्हणजे बाहेरचं कवच, असली तर सोनार वजन करतो, मशीन काढून बाजूला ठेवतो आणि केसचे पैसे देतो. परदेशात सुद्धा सोन्याच्या साध्या खिशातल्या घड्याळांचं बऱ्याचदा हेच होतं. मशीन किती सुंदर आहे ते तराजूला कळत नाही.

आता माझ्या मते खरी मेख वेगळीच आहे आणि ती लेखात एका ओळीत सुद्धा नव्हती. घड्याळाची किंमत घड्याळात नसतेच, ते दुरुस्त करणारा माणूस जिवंत आहे का यात असते. मिरजेत राहतो म्हणून हे मला रोज दिसतं. आमच्याकडं सतारमेकर गल्ली आहे, फरीदसाहेबांपासून चालत आलेली, गेल्या शतकाच्या आधीपासूनची, २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळाला. तिथं कुणी पन्नास साठ वर्षांचा तंबोरा घेऊन आला, भोपळा फुटलेला, घोडी झिजलेली, तरी चालतं, पोरगं बघून सांगतं हा आमच्या आजोबांच्या हातचा आहे, आणि बसून जवारी काढून देतं, म्हणजे सूर नीट घुमावा म्हणून घोडी घासून देतं. म्हणून त्या तंबोऱ्याला किंमत आहे. उद्या ती गल्ली उठली तर तो तंबोरा शोभेचं लाकूड. घड्याळांची आमची गल्ली उठलीय. स्टेशन रोडला एक काका बसायचे, एवढीशी टपरी, डोळ्याला भिंग, समोर उलटे घातलेले काचेचे ग्लास आणि त्याखाली उघडी मशीनं, धूळ बसू नये म्हणून. घड्याळ कानाला लावून सांगायचे, बॅलन्सचं, म्हणजे मागंपुढं डोलणाऱ्या चाकाचं, टोक गेलंय, आणि उघडल्यावर तेच निघायचं. २०१९ ला गेले ते. त्या टपरीत आता मोबाईलची कव्हरं मिळतात. आता पायलट बंद पडलं की मी ते कुरिअरनं पुण्याला पाठवतो, तिथला माणूस सुद्धा सत्तरीचा आहे, तीन महिने लागतात आणि ८०० त्यानं ओळखीत घेतलेत. नवे पार्ट मिळत नाहीत, एक घड्याळ मारून दुसरं जगवायचं. वीस पायलट कपाटात ठेवणाऱ्यांना हे माहीतच नसतं की ते वीस पैकी सात-आठ पुढं मागं पार्टसाठी फोडावे लागणार आहेत. आणि कपाटात ठेवून तर अजून वाईट, तेल सुकून चिकट होतं, न चालवता ठेवलेलं चावीचं घड्याळ दहा वर्षांनी काढून चावी दिली की एक तर चालत नाही नाहीतर चालतं आणि कोरडी मशीन आतून घासून घेतं. लॉकरमधलं सोनं झोपलं तरी सोनंच राहतं, घड्याळाचं तसं नाही.

मोठ्या कंपन्यांची घड्याळं टिकतात म्हणतात ना, ती पण याचमुळं टिकतात असं माझं मत आहे. स्वित्झर्लंडची पाटेक फिलिप १८३९ पासून आजवर बनवलेलं आपलं कुठलंही घड्याळ दुरुस्त करून देऊ म्हणते. म्हणजे त्यांनी आपली सतारमेकर गल्ली कंपनीतच ठेवलीय. मग भाव का नाही राहणार. तरी त्यांच्याकडं सुद्धा सगळं वरवर जात नाही, कोविडनंतर २०२१-२२ ला रोलेक्स पाटेकचे सेकंडहँड भाव असे चढले की शोरूमच्या किमतीच्या दुप्पट तिप्पट देऊन लोक घेत होते, क्रिप्टोवाली पोरं त्यात घुसली होती, आणि २०२२ च्या उन्हाळ्यापासून जी घसरण लागली त्यात शेवटी घेणारे अडकले. हे नव्या मॉडेलांचं झालं, विंटेजचं नाही, पण वाऱ्याचा अंदाज येतो.

आता नकली मालाबद्दल, आणि इथं मुंबईचं नाव येतं, काय करणार. परदेशातले शौकीन एका प्रकारच्या घड्याळाला चक्क "मुंबई स्पेशल" म्हणतात, कौतुकानं नाही. जुनी फावर ल्युबा (ही पण स्विस कंपनी), वेस्ट एंड, ओमेगा, सिटिझन यांची भंगार मशीनं गोळा करायची, तीन घड्याळांचं एक करायचं, डायल घासून परत रंगवायची, नारिंगी, पोपटी, जांभळी, कंपनीनं कधी स्वप्नात न बघितलेले रंग, वर नाव छापायचं, केस पॉलिश करून आरशासारखी करायची आणि ऑनलाइन टाकायचं. परदेशी माणसाला वाटतं भारतात एवढी छान जुनी घड्याळं एवढी स्वस्त! एचएमटीच्या पायलटचं पण तेच, मूळ डायल काळी, आज बाजारात सगळ्या रंगांची पायलट मिळतात. ओळखायचं कसं ते सांगतो, फुकटात. मिनिटांच्या रेघा भिंगातून बघा, रीडायल, म्हणजे परत रंगवलेली डायल, असली तर रेघा जाड-बारीक आणि काठाशी नीट जुळत नाहीत. अक्षरं फुगलेली दिसतात. स्विस घड्याळाच्या खाली सहाच्या आकड्याशी बारीक अक्षरात "स्विस मेड" किंवा नुसतं "स्विस" असतं, रंगाऱ्याला ते छापायचा कंटाळा येतो. काट्यांवरचा चमकणारा रंग पिवळा पडलाय आणि डायलवरचा पांढराशुभ्र, किंवा उलटं, तर दोघांची भेट अलीकडंच झालीय. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे पन्नास वर्षांचं घड्याळ नव्यासारखं दिसत असेल तर घेऊ नका, पन्नास वर्षांत माणूस नव्यासारखा राहत नाही. आपल्याकडं उलटी सवय आहे, विकायच्या आधी पॉलिश करून आणतात, बिचाऱ्यांना वाटतं भाव वाढेल आणि केसच्या मूळ कडा गेल्या की जाणकाराच्या दृष्टीनं भाव निम्मा होतो.

मी हे शिकलो ते पैसे घालवूनच. २०११ ला एका ऑनलाइन विक्रेत्याकडून फावर ल्युबा घेतलं, सी किंग, साडेचार हजाराला, तेव्हा ती रक्कम मला मोठी होती, घरात सांगितली बाराशे. आलं, सुंदर दिसत होतं, नारिंगी डायल. स्टेशन रोडच्या काकांकडं कौतुकानं नेलं. त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि काहीच बोलले नाहीत, चहा मागवला. मग म्हणाले, डायल एकाची, मशीन दुसऱ्याचं, केस तिसऱ्याची, पण तिघांचं जमतंय तोवर वापरा. विक्रेत्याला मेसेज टाकले, त्यानं ब्लॉक केलं. आणि तरी मी शहाणा झालो नाही, पुढच्याच वर्षी दुसऱ्याकडून अजून एक घेतलं, यावेळी हिरवी डायल होती म्हणून नारिंगीचा अनुभव उपयोगी पडला नाही.

माझ्यासारखा मिरजेतला माणूस फसला यात नवल नाही हो. २०२१ च्या नोव्हेंबरला जिनिव्हाच्या लिलावात १९५७ चं म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं, आपले २५ कोटी, आणि ते घेतलं कुणी तर खुद्द ओमेगानं, स्वतःच्या म्युझियमसाठी. २०२३ ला कळलं की ते वेगवेगळे पार्ट जोडून बनवलेलं आहे आणि कंपनीच्याच काही जुन्या लोकांवर ठपका आला. बनवणाऱ्याला स्वतःचं घड्याळ ओळखता आलं नाही तर तुमच्या पुरवणीतलं "विश्वासू विक्रेत्याकडून घ्या" हे वाक्य वाचून कुणी काय करायचं?

क्वार्ट्झचं, म्हणजे सेलवर चालणाऱ्या घड्याळांचं, दोन शब्दात. जुनी टायटन आता विंटेज म्हणून विकायला लागलेत, १९८७ नंतरची पहिली मॉडेल वगैरे. चावीच्या घड्याळाचं चाक घासून तरी बसवता येतं, क्वार्ट्झचं सर्किट गेलं आणि तसलं दुसरं मिळालं नाही तर संपला विषय. मला आवडतात ती, बारीक आणि देखणी होती, पण भाव राहील यावर मी पाच रुपये लावणार नाही. गंमत म्हणजे १९६९ च्या नाताळात सेकोनं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ आणलं तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती, छोट्या कारएवढी, आणि लोकांना वाटलं चावीवाल्यांचं मढं उठलं. सोन्याच्या केसची चांगली चांगली स्विस घड्याळं त्या काळात वितळवून टाकली लोकांनी. ती वितळवली म्हणूनच उरलेली आज महाग आहेत. तेव्हा ज्यांनी ठेवली त्यांनी भाव येईल म्हणून ठेवली नव्हती, बहुतेकांनी फेकायचा आळस केला होता.

मग माझ्या ३४ घड्याळांचं काय असं त्या तिघांपैकी एकानं विचारलंच. मी मुलीला लिहून दिलंय की मी गेल्यावर पहिला जो गिऱ्हाईक सगळ्यांचे मिळून पन्नास हजार देईल त्याला देऊन टाक, घासाघीस करू नको, वर्ष गेलं की चाळीस होतील. ती म्हणाली मला फक्त आजोबांचं जनता ठेवायचंय, माझ्या वडिलांचं, मागं त्यांचं नाव आणि रिटायरमेंटची तारीख कोरलेलं. बाजारात त्या कोरलेल्या नावामुळंच त्याचे शे-दोनशे कमी होतात. न्यूमनचं कोरलेलं होतं तर कोटी वाढले, आमच्या वडिलांचं कोरलेलं आहे तर कमी, असा हा बाजार आहे.

ज्याला हातावर घालायला पाहिजे त्यानं जरूर घ्यावं, रोज सकाळी चावी द्यावी, दिवसाला मिनिटभर पुढं मागं होतं ते सहन करावं. पण ग्रॅच्युइटीचे पैसे, साहेब? असले लेख छापताना सर्व्हिसचा खर्च, विकायला लागणारे महिने आणि दुरुस्तीवाल्याचं वय एवढं तरी चौकटीत द्या.

आणि शेवटचं. लेखाबरोबर जो मोठा रंगीत फोटो छापलाय, खाली "दुर्मिळ फावर ल्युबा, अंदाजे किंमत ३५ हजार" असं लिहिलंय, तो भिंगाखाली धरून बघितला. रेघा काठाशी जुळत नाहीत, खाली "स्विस" नाही आणि डायल नारिंगी आहे. तुमच्या वार्ताहराला ३५ हजारानं घेणारा कुणी खरंच माहीत असेल तर कृपया माझा पत्ता द्यावा, माझ्याकडं एक नारिंगी आणि एक हिरवं आहे.

आपला,
एक वाचक, मिरज